पोकरमध्ये रीबायला चिप्स पुरतच नाहीत, वाटायच्या कशा?

बदामसत्ती:
300 चिप्सची पेटी आहे, 100 पांढऱ्या आणि लाल, निळ्या, हिरव्या, काळ्या 50-50, आकडे छापलेले नाहीत. आम्ही 8 जण. पैसे लावत नाही, रीबाय (चिप्स संपल्यावर पुन्हा नव्या) घेईल त्याच्यावर पुढच्या वेळचं आइस्क्रीम. परवा मी शहाणपणा करून जवळजवळ सगळी पेटीच वाटली, प्रत्येकी 12 पांढऱ्या आणि बाकी रंगाच्या 6-6, म्हणजे 36. पांढरी 25 ची, मग 50, 100, 500 आणि काळी 1000, बेरीज आली 10,200. तासाभरात पहिला भिडू उडाला, रीबाय मागितला, तर पेटीत उरलेल्या 12 चिप्स, किंमत 3,400! शेवटी कॅरमच्या सोंगट्या काढल्या, काळी सोंगटी 1000 ची. कुणीतरी राणी 5000 ची म्हणून पुढे सरकवली तर समोरचा म्हणे आधी कव्हर टाक. यावर उपाय काय?

हुकुमाचा_एक्का:
अर्धी पेटी मागे ठेवायची असते रे 😀 आणि 50 चा रंग कशाला ठेवलास, दोन 25 झाले की 50, फुकट एक रंग गेला. असं कर, लाल 25, पांढरी 100 (तीच जास्त लागते), निळी 500, हिरवी 1000, काळी 5000. प्रत्येकाला 4 लाल, 9 पांढऱ्या, 4 निळ्या, 2 हिरव्या. झाले 5000, आणि फक्त 19 चिप्स. काळ्या 50 च्या 50 पेटीत राहतात, रीबाय आला की एक काळी फेकायची, विषय संपला.

चहा_ठेवलाय:
एक काळी देऊ नका हो, आमच्याकडे हेच करायचे. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायच्याच चिप्स) 25/50 चा आणि याच्या हातात 5000 ची एकच चिप, मग दर डावाला "सुट्टे आहेत का", कंडक्टरसारखं. 4 हिरव्या 2 निळ्या द्या. तुमच्या हिशोबाने 34 हिरव्या आणि 18 निळ्या शिल्लक, म्हणजे 8 रीबाय आरामात. त्यापुढे गेलं तर ज्याच्यापुढे ढीग लागलाय त्याच्या 5 हिरव्या घेऊन एक काळी द्यायची. बारीक चिप्स मात्र रीबायला अजिबात नाही, त्या टेबलावर आहेत तेवढ्या बास.

हुकुमाचा_एक्का:
हे मान्य. आणि रीबाय ब्लाइंड वाढत वाढत 75/150 होतील त्या लेव्हलपर्यंतच ठेवा, मग ब्रेक, ब्रेकमध्ये लाल चिप्स गोळा, कारण 100/200 पासून 25 चं कामच नाही. चार लालची एक पांढरी. ज्यांच्याकडे 1-2-3 सुट्या उरतात त्यांना दर चिपमागे एक पत्ता उघडा वाटायचा, मोठ्या पत्त्याला पांढरी, एका माणसाला एकच. पत्ता सारखा आला तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर या क्रमाने. एकूण लाल 32 च असल्यामुळे बरोबर 8 पांढऱ्या लागतात, हिशोब चुकत नाही. फक्त कुणाकडे शेवटची एकच लाल राहिली असेल तर त्याला बाद करायचं नाही, एक पांढरी द्यायचीच.

चहा_ठेवलाय:
आणि रीबाय वहीत लिहा. 8 जण अधिक 7 रीबाय म्हणजे टेबलावर 75,000 दिसले पाहिजेत. आमच्याकडे एकदा 76,000 भरले होते, 😶 नाव सांगत नाही, घरातलाच आहे.

बदामसत्ती:
काल असंच वाटलं. 6 रीबाय झाले, त्यातले 3 माझे. सोंगट्या डब्यातच राहिल्या. आइस्क्रीम कुठलं आणायचं यावर आता ग्रुपवर भांडण चालू आहे.