डायपर रॅश चार दिवस उतरत नाहीये, घरी काय करता येईल? (मदत हवी आहे)

पारिजात७: बाळ ७ महिन्यांचं, घोडबंदर रोडला राहतो. चार दिवस झाले, लंगोटाची जागा लालभडक आहे, पुसताना कळवळतं. दिवसा मलमलचे लंगोट, रात्री डायपर. दिवसातून तीनदा खोबरेल लावते. सासूबाई हळद लाव म्हणतात, मालिशवाल्या मावशी पावडर टाक म्हणतात. लंगोट मशीनला धुते, सोसायटीत निम्मे दिवस टँकरचं पाणी. अजून काय करू?

निळी छत्री: ताई, पावडर आजच बंद. टाल्क श्वासात गेली तर बाळाच्या फुप्फुसाला त्रास होतो, शिवाय ओलाव्यात तिचे गोळे होऊन घडीत घासतात. हळदही सोललेल्या कातडीवर नको. झोंबते, आणि पिवळेपणामुळे लाली वाढली की उतरली तेच कळत नाही. बोरिक पावडर कुणी सुचवली तर अजिबात नाही, ती विषारी आहे.

खोबरेल वाईट नाही, पण ते झटकन मुरतं, आणि इथे वर टिकणारा थर हवा. कारण नुसती शू एवढं करत नाही. शू आणि शी एकत्र राहिली की अमोनिया तयार होतो, त्याने शीतले पाचक रस जास्त जोर धरतात आणि कातडी खातात. म्हणून शी झाली की लगेच बदलायचं, एरवी दर २-३ तासांनी, रात्रीही एकदा. वाइप्स नकोत. कोमट पाण्यात कापूस बुडवून, न घासता टिपायचं. मग १०-१५ मिनिटं दुपट्यावर उघडं, दिवसातून ३-४ वेळा. पूर्ण कोरडं झालं की झिंक ऑक्साइडचं मलम, पुरीवर श्रीखंड घेतो तेवढं जाड. पुढच्या वेळी ते खरवडून काढू नका. वरचा घाण झालेला भाग तेवढा टिपा आणि त्यावरच नवा थर द्या. रोज सगळं घासून काढतात आणि मग मलमाला नावं ठेवतात!

खाडीवारा: मला लंगोटाचाच संशय. टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरवेलचं असतं. त्या जड पाण्यात फेस कमी येतो, मग आपण धुण्याची पावडर जास्त टाकतो आणि ती कापडात राहते. धुऊन वाळलेला एक लंगोट स्वच्छ गरम पाण्याच्या बादलीत चोळून बघा. फेस आला किंवा पाणी दुधाळ झालं, तर तीच पावडर दिवसभर बाळाच्या अंगाला लागतेय. पावडर निम्मी करा, फॅब्रिक कंडिशनर बंद, दोन जादा खळबळण्या, शेवटची नळाच्या पाण्यात. पावसाळ्यात लंगोट पंख्याखाली वाळले तरी इस्त्री फिरवा. हाताला कोरडे लागतात, पण शिवणीत ओल राहते.

निळी छत्री: हो, शिवण विसरलेच. पण मुख्य प्रश्न राहिला: लाली नेमकी कुठे आहे? फक्त फुगीर भागावर, की जांघेच्या घडीतही?

पारिजात७: घडीत जास्त आहे. कडेला वेगळे लाल ठिपकेही आहेत. मागच्या आठवड्यात कानासाठी अँटिबायोटिक झालं, तेव्हा शी पातळ होती. आणि लंगोटाच्या पाण्याला खरंच फेस आला.

निळी छत्री: मग हे नुसतं घासण्याचं वाटत नाही. त्यात घडीची कातडी बहुधा वाचते, कारण लंगोट तिथे पोहोचत नाही. घडीत गडद लाल आणि कडेला सुटे ठिपके म्हणजे बहुतेक बुरशी, कॅन्डिडा. अँटिबायोटिकनंतर ती बऱ्याचदा डोकं वर काढते. तोंडात पुसून न जाणारे पांढरे डाग आहेत का तेही बघा. याला खोबरेलही पुरणार नाही आणि झिंकही. उद्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुधा क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं मलम देतील. आधी त्याचा पातळ थर, वर झिंक. लाली गेली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

फक्त केमिस्टकडून स्वतः ट्यूब आणू नका. तिकडे बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम हातात ठेवतात. खोक्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. डायपरखाली झाकल्या जागी ते जास्त मुरतं. दोन दिवसांत कातडी छान दिसते, मग बुरशी दुप्पट पसरते.

खाडीवारा: ताप, पाणी भरलेले फोड, पू किंवा रक्त दिसलं तर उद्याचीही वाट नको. आणि घरातले सगळे लंगोट एकदा कडक गरम पाण्यात काढा, नाहीतर बुरशी परत तिथूनच.

पारिजात७: सकाळची वेळ घेतली. पावडरचा डबा मावशींच्या हातात लागणार नाही असा ठेवलाय.