मदत हवी आहे : रेडियमची तबकडी असलेले जहाजावरील घड्याळ प्रदर्शनात मांडावे का?

दुसऱ्या महायुद्धातील नौदलाच्या वस्तूंचे दहा दिवसांचे छोटे प्रदर्शन आम्ही भरवत आहोत. गणवेश आणि टोप्यांच्या फितींवर ५० लक्सहून (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) अधिक प्रकाश पडणार नाही, अशी दिव्यांची रचना झाली आहे. (एका फितीवर जहाजाचे नाव नसून केवळ ‘एच.एम.एस.’ ही ब्रिटिश युद्धनौकांच्या नावाआधी लागणारी अक्षरे आहेत, कारण युद्धकाळात ब्रिटिश नौदलाने गुप्ततेसाठी नावे वगळली होती. मला तीच सर्वांत मोलाची वाटते.)

अडचण एका पितळी घड्याळाची आहे. त्याचे आकडे आणि काटे रेडियम या किरणोत्सारी धातूच्या, अंधारात चमकणाऱ्या रंगाने रंगवलेले दिसतात, काचेला कडेने बारीक तडा गेला आहे आणि सहाच्या आकड्याखाली पिवळसर-तपकिरी भुकटी साचली आहे. अंधारात ते चमकत नाही, पण त्यावरून ते निर्धोक ठरत नाही. निकामी होते ते रंगातील चमक देणारे झिंक सल्फाइड, रेडियम-२२६ चे अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्म्यावर यायला लागणारा काळ) मात्र सुमारे १६०० वर्षांचे आहे.

घड्याळ उघडलेले नाही, पितळ घासलेले नाही. दुहेरी पिशवीत घालून ते वावर नसलेल्या खोलीत ठेवले आहे. किरणोत्सर्ग मोजण्याचे यंत्र आमच्याकडे नाही आणि प्रदर्शनाला लहान मुलेही येणार आहेत.

अशा वस्तू ज्यांनी प्रत्यक्ष हाताळल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे : रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होत असल्याने काचपेटी हवाबंद ठेवावी की तिला वायुवीजन द्यावे, की काच तडकलेली असताना घड्याळ मांडूच नये आणि त्याजागी छायाचित्र लावावे?