कुर्त्याची बाही दंडात घट्ट होतेय, पॅटर्न कसा बदलू?

चिंधी_आणि_मी:
नमस्कार मंडळी, जरा अडलंय. नेटवरून साध्या सरळ कुर्त्याचा पॅटर्न उतरवून घेतला, छाती ४० म्हणून ४० चाच साइज, आणि मांजरपाटावर कच्चा शिवून बघितला. छाती, कंबर, सीट सगळं झकास बसतंय पण दंड माझे पहिल्यापासून जाड, घेर साडेचौदा इंच आणि बाही तिथे जेमतेम १५, त्यामुळे रक्त काढायच्या आधी दंडाला रबर बांधतात ना तसं वाटतं. वर बसमध्ये दांडा धरायला हात वर केला की अख्खा कुर्ताच वर चढतो. शेजारच्या काकू ब्लाउज शिवतात, त्या म्हणाल्या मुंढा (कुर्त्यात बाही जोडायची गोल कड) पाऊण इंच खाली खोद, मोकळं होईल. खोदू का? की सरळ ४४ चा साइज घेऊ? रोज ऑफिसला घालायचाय, फॅशनबिशन नको, आराम हवा.

पुणेरी_बॉबिन:
४४ नको गं, गळा आणि शोल्डरपण मोठे होतील, मग गळा एका बाजूला ओघळतो आणि तू दिवसभर तो वर ओढत बसणार. रेडीमेड घेताना आपण हेच करतो, दंडासाठी साइज वाढवायचा आणि बाकी सगळं ढगळ. घरी शिवून परत तेच करायचं असेल तर काय उपयोग!

पन्हा_४४:
मुंढा खोदू नका, प्लीज. काकूंचा राग नाही पण हा सल्ला सगळीकडे देतात आणि उलटा पडतो. मुंढा खाली गेला की काखेपासून कुर्त्याच्या खालच्या घेरापर्यंतची बाजूची शिलाई तेवढी आखूड होते, मग हात वर करताना कापड ओढायला ती शिलाईच सापडते आणि कुर्ता आधीपेक्षा जास्त वर चढतो. मुंढा काखेच्या जवळ हवा, टोचणार नाही इतपतच खाली.
खरी गडबड बाहीच्या शेंड्यात आहे, म्हणजे काखेच्या रेघेवरचा खांद्याकडे जाणारा गोल भाग. बाहीचा शेंडा जितका उंच तितकी बाही दंडात अरुंद आणि हात खाली सोडल्यावर सुरेख दिसणारी, कोटाची असते तशी. शेंडा बसका केला की बाही रुंद होते आणि हात मोकळा उचलतो. तुमच्या पॅटर्नला शेंडा ६ इंच असेल तर साडेचारवर आणा, १५ ची बाही साधारण १७ होते आणि मुंढ्याला जोडायची गोलाई जवळपास तेवढीच राहते, म्हणजे कोठ्याला (कुर्त्याच्या धडाला) हातच लावायचा नाही.
करायचं असं की बाहीच्या कागदावर शेंड्यापासून मोरीपर्यंत (बाहीच्या खालच्या तोंडापर्यंत) मधोमध उभी रेघ आणि काखेच्या दोन टोकांना जोडणारी आडवी रेघ मारा, दोन्ही रेघांवर कापा पण चारही टोकांना कागद केसभर जुळलेला ठेवा. आता मध्यातून डावी-उजवीकडे ओढा, उभी चीर फाकते आणि आडव्या चिरेवर कागद आपोआप एकावर एक चढतो. तसंच खाली नवा कागद चिकटवून गोलाई हाताने सारखी करा. चढलेला कागद जेवढा, तेवढी लांबी मोरीपाशी वाढवा. शेवटी टेप उभी धरून मुंढा आणि बाहीची गोलाई दोन्ही मोजा, बाही अर्धा इंच जास्त निघाली तरी चालते, सुती कापडात सामावते.

चिंधी_आणि_मी:
अरे वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं! शेंडा खरंच ६ आहे, आत्ता मोजला. पण मग हात खाली असताना काखेत चुण्या पडतील ना?

पन्हा_४४:
पडणारच. चुण्या नकोत आणि हातही वर जायला हवा असं दोन्ही साध्या विणीच्या कापडात जमत नाही. रोजच्या कुर्त्याला चुण्या पत्करा.

सातारी_कात्री:
आणि आधीच शिवलेले घट्ट कुर्ते असतील तर ते टाकू नका. काखेत बाजूची आणि बाहीची शिलाई चार-चार इंच उसवा आणि ५ इंची चौकोन लावा, चारही बाजूंनी अर्धा इंच माया (शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) धरून ४ चा उरतो. जुन्या सरळ कापाच्या कुर्त्यांना असाच असायचा. चौकोन काखेत तिरका बसतो त्यामुळे ताण उरेबवर, म्हणजे विणीला तिरका येतो आणि कापड थोडं देतं, म्हणून एवढ्याशा तुकड्याने एवढा फरक. कोपऱ्यात सुई कापडात ठेवूनच वळा नाहीतर तिथे भोक पडतं. त्याच कापडाचा तुकडा नसेल तर वेगळ्या रंगाचा लावा, काखेत कोण बघायला येतंय.

पुणेरी_बॉबिन:
नेटवरचा पॅटर्न आहे तर प्रिंट काढल्यावर कोपऱ्यातला मापाचा चौकोन मोजलास ना? प्रिंटर गुपचूप बारीक करतो. आणि माया आत धरलीय की नाही तेपण बघ, बाहेरच्या पॅटर्नमध्ये बहुतेक दीड सेंटीमीटरच असते, आपल्याकडे बाजूला इंचभर ठेवतात, पुढे उसवायला बरी.

चिंधी_आणि_मी:
चौकोन मोजला होता, बरोबर आहे. माया बाजूला वाढवते. घरात कॉटन पडलंय अडीच मीटर, पन्हा ४४, कुर्त्याची उंची ४२, पुरेल का रुंद बाहीसकट?

सातारी_कात्री:
पुरेल. पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी नको, एकाखाली एक टाक, बाजूला वीसेक इंचाची पट्टी उरते, १७ ची बाही मायेसकट त्यात बसते. पण कापायच्या आधी रात्रभर भिजव आणि वाळल्यावर परत मोज.