लांडग्यांचा कळप, की टोळी?

ऐरोलीहून: मुलीच्या मराठीच्या पुस्तकात समूहदर्शक शब्द आलेत. हरणांचा कळप, पक्ष्यांचा थवा, दरोडेखोरांची टोळी. तिनं विचारलं, "आई, लांडग्यांचं काय?" मी पटकन 'टोळी' म्हणून गेले. आता ते मनाला लागून राहिलंय. टोळी म्हटलं की जनावर आधीच गुन्हेगार ठरतं. तुम्ही काय म्हणता?

कळव्याहून: ताई, टोळीत गुन्हा असतोच असं नाही. वानरांची टोळी आपण सहज म्हणतो. उलट 'कळप' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चरणारी जनावरं येतात. वर्तमानपत्रं 'लांडग्यांचा कळप' छापतात, पण मला ते खटकतं. आपल्याकडे 'लांडगेतोड' हा शब्दही आहे. चौघांनी मिळून एकाला ओरबाडलं की लांडगेतोड. तिथं कळप नाही, टोळीच दिसते.

ऐरोलीहून: काका, वानरांचं पटलं. पण लांडगेतोड हा शब्द माणसांच्या वागण्यासाठी आहे. त्यावरून लांडग्याचं नाव कसं ठरवायचं?

घणसोलीहून: ताईंची शंका रास्त आहे. 'टोळी' आली की मागोमाग 'म्होरक्या' येतो, आणि खरी अडचण त्या शब्दात आहे. १९४७ मध्ये प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडलेल्या लांडग्यांवरचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. एका आवारात डांबलेली जनावरं वरचढपणासाठी भांडत होती. त्यातून म्होरक्याची कल्पना रुजली. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांनीही ती पुढे नेली. मग त्यांनीच कॅनडातल्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःचं म्हणणं दुरुस्त केलं. रानातला समूह म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची वेगवेगळ्या वर्षांची पोरं. मोठी भावंडं धाकट्यांना भरवतात. पोरं मोठी झाली की जोडीदार शोधायला घर सोडतात. ज्याला आपण म्होरक्या म्हणतो तो बाप असतो, आणि त्याच्या बरोबरीनं आई. आता सांगा, बापाला कुणी म्होरक्या म्हणतं का?

बेलापूरहून: माझं आजोळ माणदेशातलं, घरात मेंढरं. आजी ना कळप म्हणायची ना टोळी. "लांडगी पोरं घेऊन उतरली," एवढंच. कोकरू गेलं की शिव्याही द्यायची, पण नातं तिच्या बोलण्यात आपोआप यायचं. मेंढरांच्या वाड्यावर राहणाऱ्या माणसाला ते रोज दिसतं. मला तिचं बोलणं सगळ्यांत नेमकं वाटतं.

कळव्याहून: आजीपुढे मी माघार घेतो. मग 'कुटुंबकबिला' म्हणू या का? त्यात आईबाप, पोरं, भावंडं सगळी येतात. 'लेंढार'ही आहे, पण त्यात थोडा वैताग ऐकू येतो.

ऐरोलीहून: कुटुंबकबिला फार आवडला. मुलीनं वहीत 'टोळी' लिहिलंय, परीक्षेत तेच लिहील. पण समासात तिनं पेन्सिलीनं दोन मोठे लांडगे आणि चार पिल्लं काढलीत. काल संध्याकाळी खाडीकडून कोल्हेकुई आली तेव्हा खिडकीशी जाऊन म्हणाली, "आई, त्यांचाही कबिला असेल ना?" कोल्हेही जोडीनं राहतात आणि पिल्लं मिळून वाढवतात, म्हणून मी 'हो' म्हटलं. आणि आपण मात्र भाषणांत विरोधकांच्या बोलण्याला कोल्हेकुई म्हणतो! त्या शब्दावर पुढच्या खेपेला बोलू या.