अंगणवाडीच्या ताईंना निरोप कसा द्यावा?

प्रश्न: आमच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या ताई पुढच्या महिन्यात निवृत्त होताहेत. ३१ वर्षं! त्यांच्या हातची खिचडी मी खाल्लीय, आता माझी लेक खाते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की एकेका पोराला कडेवर घेऊन पलीकडे सोडायच्या. नुसती शाल-श्रीफळ द्यायला मन धजत नाही. काय करावं?

उत्तर: त्यांच्या हाताखालून गेलेली सगळी पोरं बोलवा. प्रत्येकानं वहीत एक आठवण लिहावी. आणि मदतनीस मावशींनाही शेजारीच खुर्ची द्या, त्या नेहमी मागे राहतात.

उत्तर: ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं, आधी बघा. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये दिलाय. नेमणुकीचं पत्र, जुने कागद शोधायला आणि अर्ज लिहायला कुणीतरी त्यांच्यासोबत बसा. हाच खरा सत्कार.

उत्तर: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघरकडच्या बोर्डीला, पुढे कोसबाडला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. कार्यक्रम हॉलमध्ये नको, अंगणवाडीच्या अंगणातच घ्या.

प्रश्नकर्ती: वही आजच आणते. कागदांसाठी रविवारी ताईंकडे जातेय.