व्हिएन्ना की कोपनहेगन : क्रमवारी कितपत मानावी?

प्रश्न (जुळे सोलापूर): मुलीला दोन्ही शहरांतून नोकरीची पत्रे आली आहेत. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेच्या, राहण्यायोग्य शहरांच्या यादीत २०२२ ते २०२४ व्हिएन्ना आणि २०२५ मध्ये डेन्मार्कचे कोपनहेगन पहिले होते. तेवढ्यावर निर्णय घ्यावा का?

उत्तर १: ताई, ती यादी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती-पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा यांना गुण देते, राहणीचा खर्च त्यात धरलेलाच नसतो, त्यामुळे पगारातून हाती काय उरेल, हे यादीवरून कळत नाही. डेन्मार्कमध्ये घरमालक तीन महिन्यांची अनामत आणि वर तीन महिन्यांचे आगाऊ भाडे मागू शकतो. सोलापूरहून जाणाऱ्या मुलीला ही रक्कम आधीच उभी करावी लागेल.

उत्तर २: इंटरनेशन्स ही परदेशात राहणाऱ्यांची संघटना देशांची क्रमवारी लावताना प्रत्यक्ष स्थलांतरितांनाच विचारते, तिथे २०२४ मध्ये पनामा हा देश पहिला होता. मला हे मोजमाप अधिक जवळचे वाटते.