सायलेन्सरच्या चटक्याचा डाग फुगतोय, काय लावावं?

बर्डीवाला: पोटरीवरचा चटका भरून तीन आठवडे झाले. डाग लाल, टणक होऊन वर येतोय, खाजही सुटते. डाग बसवायला लावतात ती सिलिकॉन पट्टी नागपूरच्या मे महिन्यात टिकते का?

त्वचाविचार: आधी कडा बघा. फुगवटा चटक्याच्या हद्दीतच असेल तर हायपरट्रॉफिक डाग; हद्द ओलांडून चांगल्या त्वचेवर पसरत असेल तर किलॉइड. दोन्हींत कोलाजेन (त्वचेतलं प्रथिन) गरजेपेक्षा जास्त साठतं. हायपरट्रॉफिक डाग वर्ष-दीड वर्षात बराचसा बसतो, किलॉइड आपणहून क्वचितच. नुसता कापला तर बहुतेकदा परत उगवतो.

धरमपेठ४४: पट्टी दिवसाला किमान १२ तास, २-३ महिने लावावी लागते, तीही खपली पूर्ण पडल्यावरच. ४५ अंशांत तिच्याखाली घामोळ्या उठतात हो! उन्हाळ्यात सिलिकॉन जेल बरं. दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर, ४-५ मिनिटं वाळू द्या. लोक जाड थापतात, मग ते वाळतच नाही आणि सगळं पायजम्याला पुसलं जातं.

त्वचाविचार: बरोबर. जेल वाळल्यावर एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, नाहीतर उन्हानं डाग काळा पडतो. लिंबू, टूथपेस्ट अजिबात नको. २-३ महिन्यांत फरक नसेल तर डागात ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, साधारण दर ४-६ आठवड्यांनी. ते खाली चरबीत गेलं तर खड्डा पडतो, म्हणून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीतच दाखवा.

बर्डीवाला: कडा आतच आहेत. जेल आणतो.